बाबांचा १३ वर्षांचा पीसी रोज चेकडिस्क मागतो. डिस्क बदलू की डॉक्टर बदलू?

हळदगल्ली
नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आईबाबा सांगलीत. बाबांकडे २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे: एच६१ बोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. बाबा आयटीआयमधून निदेशक म्हणून निवृत्त झाले. गेली नऊ वर्षं ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त टाइप करतायत. सकाळी सात ते दहा आणि दुपारी झोप झाल्यावर दोन तास, अगदी ड्यूटीवर असल्यासारखे.

गणपतीपासून एकच कटकट सुरू आहे. मशीन चालू केलं की निळ्या पडद्यावर डिस्क तपासणी (चेकडिस्क) सुरू होते. ती पूर्ण होईपर्यंत बाबा चहा करून आणतात. एरवी चालतं, पण मध्येच कर्सर अडकतो, दिवा एकसारखा पेटून राहतो आणि मिनिटाभरानं सगळं सुरळीत होतं. दोन वेळा "डिस्कमध्ये अडचण आढळली, बॅकअप घ्या" अशी खिडकी आली. बाबांनी ती बंद केली, कारण "आपलं काम चालू होतं".

गल्लीतल्या दुकानदारानं एकदा फॉरमॅट मारून दिला (त्याआधी डी ड्राइव्हला हात लावू नकोस म्हणून बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते). तीन आठवड्यांत पुन्हा तेच. आता तो म्हणतो डिस्क गेली, मशीनच नवीन घ्या. बाबा म्हणतात मशीनला काही झालेलं नाही, दुकानदाराला झालंय.

प्रश्न असा: हे डिस्कचंच दुखणं आहे हे खात्रीनं कसं ओळखायचं? मी दिवाळीपर्यंत जाऊ शकत नाही. जे काही करायचं ते फोनवरून बाबांच्या हातून.

फुकटचा_सल्लागार
एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) टाका. विषय संपला. पुढचा पेशंट पाठवा.

लिनक्सवेडा
विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. अजून ती वापरताय? विंडोज काढून लिनक्स मिंट टाका, ४ जीबीत पळेल.

हळदगल्ली
@लिनक्सवेडा, बाबांच्या फाइली सगळ्या जुन्या श्रीलिपी फॉन्टात आहेत आणि त्यांची बोटं त्याच कीबोर्डला सरावलेली आहेत. मिंट टाकलं तर पीसी वाचेल, बाबा वाचणार नाहीत.

खडूस_काका
उगाच गुंतागुंत वाढवू नका. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, चेकडिस्क सी कोलन, मग /एफ आणि /आर, एंटर. होय म्हणा, रीस्टार्ट करा, रात्रभर चालू द्या. खराब सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) बाजूला टाकले जातात. माझ्या २००९ च्या मशीनवर मी तीनदा केलंय, अजून ठणठणीत आहे.

बोरकूट
नाही!! काकांचा सल्ला कृपया आत्ता पाळू नका. काका, राग मानू नका, आधी ऐका.

माझ्या सासऱ्यांच्या पीसीला अगदी हेच झालं होतं. मी हुशारी करून रात्री /आर लावून झोपलो. सकाळी विंडोज सुरू झालं, सगळे खूश. दुपारी सासरे म्हणाले, शेतीच्या हिशेबाचा फोल्डर कुठाय? फोल्डर गायब. सी ड्राइव्हवर फाउंड.००० नावाचा लपलेला फोल्डर, त्यात फाइल००००.सीएचके, फाइल०००१.सीएचके अशा तीनशेच्या वर फाइली. कुठली एक्सेल, कुठला फोटो, काही पत्ता नाही. एकेकीचं एक्स्टेन्शन बदलून बघत दोन रविवार गेले. अर्ध्याच सापडल्या. सासरे अजून लग्नाकार्यात ओळख करून देताना "हे आमचे कॉम्प्युटरवाले जावई" म्हणतात आणि जरा थांबतात.

चेकडिस्क फाइल सिस्टीमचा हिशोब जुळवते. हिशोब जुळवताना जे बसत नाही ते कापते. तिला आपल्या फाइलींचं सुखदुःख नसतं.

खडूस_काका
मग मायक्रोसॉफ्टनं ती कशाला दिली? शोभेला?

बोरकूट
काका, कोयता पण घरात असतो. पेशंट टेबलावर असताना आधी काय काढायचं हा प्रश्न आहे.

पेठेतला
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक घरगुती उपाय सुचवतो: डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, आंबोळीच्या पिठाशेजारी. सकाळी डिस्क नाही चालली तर आंबोळ्या तरी होतील.

सोल्डरगन
पेठेकर, लोक खरंच करतात हो ते! डिस्क फ्रीझरमधून काढली की आत-बाहेर दव धरतं. माहिती वाचणारं हेड आणि ती साठवणारी फिरती चकती म्हणजे प्लेटर, यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी असतं, त्यात पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर. एक माणूस आमच्या दुकानात डिस्क घेऊन आला होता, वरून मटाराचा दाणा चिकटलेला.

ताई, मी वीस वर्षं हार्डवेअर दुरुस्ती करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. "डिस्क एरर" दिसली म्हणजे डिस्क खराब, असं दर वेळी नसतं. डिस्ककडून माहिती आणायचा रस्ता लांब आहे. प्लेटर, हेड, डिस्कचं सर्किट, साटाची केबल, बोर्डावरचा कंट्रोलर, रॅम. आणि या सगळ्यांना जेवू घालणारा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. यात कुठेही खोट असली तरी विंडोज बोट डिस्ककडेच दाखवतं. सासूनं धाकट्या सुनेकडे दाखवावं तसं.

तुमच्याकडे १३ वर्षांचं मशीन आहे, म्हणजे एसएमपीएस पण १३ वर्षांचा. फॉरमॅट मारून तीन आठवड्यांत दुखणं परत येतं याचा अर्थ मूळ कारणाला कुणी हात लावलेला नाही.

तर आधी हे करा.

पहिलं, मशीन गरज नसेल तर चालू करू नका आणि सर्वात आधी कुलवृत्तान्ताची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. बूट होताना चेकडिस्कची उलटी गिनती सुरू झाली की कुठलंही बटण दाबा, ती वगळली जाते. कॉपी होईपर्यंत ती वगळतच राहा. चहा नंतर.

कॉपी झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून त्याचा फोटो टाका. ०५, सी५, सी६, सी७ आणि ०९ या ओळी नीट दिसू द्या. मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून सिस्टीममधल्या लाल नोंदींचे नंबर बघा. ७ (खराब ब्लॉक), ११ (कंट्रोलरची चूक), ५५ (फाइल सिस्टीममध्ये बिघाड) आणि ४१ (अचानक बंद पडणं) यांतले कुठले आहेत आणि कोण कोणाच्या आगेमागे येतो, ते लिहा.

शेवटचा प्रश्न कॉम्प्युटरचा नाहीच. सांगलीत घरी लाईट कशी असते? यूपीएस आहे का? कॅबिनेटला अनवाणी हात लावला की झिणझिण्या येतात का?

लिनक्सवेडा
सोल्डरगन यांना दंडवत. फक्त एक भर: कॉपी विंडोजमधून न घेता पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह सुरू करून घेतलीत तर विंडोज मध्ये मध्ये डिस्कवर लिहीत बसणार नाही. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं लाइव्ह. बाबांना कळणारही नाही.

हळदगल्ली
खूप आभार. आज रात्री फोनवर दोन तास गेले. एक भयंकर गोष्ट कळली.

मी विचारलं, "बाबा, बॅकअप आहे ना?" बाबा शांतपणे, "म्हणजे काय, दर रविवारी पेनड्राइव्हवर घेतो." मी निश्चिंत. सहज म्हणून साइज विचारली. म्हणाले, "एक केबी." मी म्हटलं, ८०० पानांची फाइल एक केबी? परत बघा. म्हणाले, "एकच. आणि आयकॉनच्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण आहे."

बाबांनी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कॉपी केला होता. चार वर्षं, दर रविवारी.

बोरकूट
अरे देवा.

पेठेतला
म्हणजे घराण्याची पानं पंचांगात आणि पंचांग चोराच्या घरी. (विनोद करतोय खरा, पण मीही आत्ता उठून माझा पेनड्राइव्ह बघून आलो.)

माईसाहेब
आमच्या ऑफिसात एका क्लार्कनं वर्षभर हेच केलं होतं. ऑडिटला पेनड्राइव्ह दिला, त्यात ४० बाण निघाले. भीष्मपर्व म्हणायचो आम्ही त्याला.

ताई, बाबांना ओरडू नका मात्र. फाइल कॉपी केल्यावर दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नसणार.

टेक्सासकर
मी ऑस्टिनजवळ स्टोरेजमध्येच काम करतो, म्हणून राहवत नाही.

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही एकाच निबंधातल्या. २००७ साली गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बरोसो या तिघांनी त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. त्यात असं दिसलं की पहिली स्कॅन एरर आल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरायची शक्यता, एरर न आलेल्या डिस्कच्या ३९ पट असते. म्हणजे खिडकी आली की ती बंद करून काम करत बसायचं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त झोंबणारी आहे. मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीच्या) चार महत्त्वाच्या आकड्यांपैकी एकही वाढवून दाखवला नव्हता. सरळ गेल्या. त्यामुळे क्रिस्टलडिस्कइन्फो निळा "गुड" दाखवतोय म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. वाईट दाखवला तर विश्वास ठेवा, चांगला दाखवला तर फार ठेवू नका.

खडूस_काका
म्हणजे ज्योतिषाच्या उलट.

वशिष्ठीकाठ
अवांतर. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा पीसी दीड दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर भावानं उन्हात वाळवून प्लगला लावला. एक किर्रर्र आवाज, संपलं. डेटा रिकव्हरीवाले म्हणाले, चिखल असताना चालू केला नसतात तर आशा होती. तेव्हा कुणाची डिस्क भिजली तर ती चालू करून बघू नका. तशीच बंद ठेवून जाणकाराकडे न्या.

हळदगल्ली, तुमच्याकडेही कृष्णेचं पाणी येतं ना गल्लीत? पीसी तळमजल्यावर आहे का?

हळदगल्ली
@वशिष्ठीकाठ, २०१९ ला आलं होतं. तेव्हा बाबांनी पीसी माडीवर नेला, फ्रीज खालीच राहिला. आई अजून बोलून दाखवते.

बरं, आकडे आले! शेजारच्या बारावीतल्या मुलानं मोठी डिस्क आणून दिली, मिंटचा पेनड्राइव्ह पण त्यानंच केला. कुलवृत्तान्ताचा फोल्डर कॉपी झाला आणि त्याच्या लॅपटॉपवर फाइली उघडल्या (फॉन्ट नसल्यानं सगळं अगम्य दिसतं, पण पानं ८१२ आहेत).

आता क्रिस्टलडिस्कइन्फो. पिवळा "कॉशन" आलाय. बाबांनी फोनवर वाचून दाखवलं. मी लिहून घेतलं ते असं: ०५ समोर सगळी शून्यं. सी५ समोर शेवटी १८. सी६ समोर पण १८. सी७ समोर २एफ३. ०९ समोर ५डी१ई. बाबा मध्येच थांबून म्हणाले, "हा आकडा आहे की गाडीचा नंबर?"

आणि ०१ समोर तर इतका प्रचंड आकडा आहे की बाबा वाचता वाचता दमले. तो बघूनच दुकानदार म्हणाला होता डिस्क गेली.

सोल्डरगन
बाबांचा प्रश्न बरोबर आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ सेटिंगमध्ये हे आकडे सोळाच्या पद्धतीत दाखवतो. ए म्हणजे १०, बी ११, तसं करत एफ म्हणजे १५. मेनूत रॉ व्हॅल्यूज दशमान करता येतात, पण चला, हातानंच करू.

१८ म्हणजे १६ अधिक ८, चोवीस. २एफ३ म्हणजे दोन गुणिले २५६, अधिक १५ गुणिले १६, अधिक ३, एकूण ७५५. ५डी१ई म्हणजे २३,८३८.

हा शेवटचा आकडा आहे डिस्क चालू असलेल्या तासांचा. १३ वर्षं, रोज पाच तास, गुणाकार करून बघा: २३,७२५. बाबांची हजेरी पक्की आहे, निदेशक शोभतात.

०१ चा राक्षसी आकडा विसरा. काही कंपन्यांच्या डिस्कांत त्या एका आकड्यात दोन वेगळी मापं कोंबलेली असतात, नव्या डिस्कवरही तो लाखांत-कोटींत दिसतो. दुकानदारानं तो बघून निदान केलं असेल तर त्याचं निदान राहू द्या.

आता खरं दुखणं. ०५ म्हणजे किती सेक्टर कायमचे बाद करून राखीव जागेत हलवले: शून्य. सी५ म्हणजे किती सेक्टर वाचताना अडखळले आणि निर्णयाविना पडून आहेत: २४. आणि २४ ला ८ नं भाग जातो हे लक्षात घ्या. त्या काळापासूनच्या डिस्कांत प्लेटरवरचा खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो, विंडोजला मात्र ५१२ चे आठ म्हणून दाखवला जातो. म्हणजे खरे अडलेले तीनच. एकूण १२ केबी. तेरा वर्षांत तीन.

सी७ चे ७५५ मला जास्त खुपतात. डिस्कपासून बोर्डापर्यंत येताना माहिती बिघडली आणि परत मागवावी लागली असं ७५५ वेळा झालंय. त्यात प्लेटरचा संबंध नाही. केबल, तिचं सैल झालेलं टोक, नाहीतर वीज.

इव्हेंटचे नंबर?

हळदगल्ली
गेल्या महिनाभरात ७ नंबर ११ वेळा, ५५ नंबर ९ वेळा, आणि ४१ नंबर १९ वेळा! शेजारच्या मुलानं सांगितलं की ७ आणि ५५ दर वेळी ४१ च्या पाठोपाठ येतात, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी.

लाईटचं म्हणाल तर दिवसातून दोन-तीनदा नुसती लुकलुकते. यूपीएस आहे, पण लाईट गेली की तो एकदा ओरडतो आणि पीसी पण बंद होतो. बॅटरी २०१७ ची. आणि हो, झिणझिण्या येतात. आई म्हणते "त्या टेबलाखाली मी झाडू मारणार नाही".

माईसाहेब
आईंचं अगदी बरोबर आहे. आधी ते बघा.

सोल्डरगन
मिळालं. ४१ म्हणजे विंडोज नीट बंद न होता मशीन बंद पडलं. महिन्यात १९ वेळा! बाबा टाइप करतायत, डिस्क लिहितेय आणि मध्येच वीज गेली. सेक्टर अर्धा लिहिला गेला. प्रत्येक सेक्टरसोबत त्याची पडताळणीची खूण असते. अर्धा मजकूर नवा, खूण जुनी, जुळत नाही, म्हणून डिस्क म्हणते वाचता येत नाही. प्लेटरला ओरखडा नसतानाही असा सेक्टर "खराब" दिसतो. फाइल सिस्टीमवर पण डाग पडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी चेकडिस्क. दुकानदारानं फॉरमॅट मारला तो बहुतेक क्विक फॉरमॅट, त्यात सेक्टर पुन्हा लिहिलेच जात नाहीत.

यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. २०१७ ची बॅटरी म्हणजे तो यूपीएस आता नुसतं एक्स्टेन्शन बोर्ड आहे.

झिणझिण्यांचं गणित वेगळं. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग धड असेल तर त्यातून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतं. करंट फार थोडा म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण अर्थिंग तुटलंय हे त्यातून कळतं, आणि उद्या गिझर लीक झाला तर मग झिणझिण्यांवर भागणार नाही.

टेक्सासकर
सहमत, पण अर्थिंगमुळे सेक्टर खराब झाले असं नाही ना म्हणायचं तुम्हाला?

सोल्डरगन
नाही, ते आईंसाठी आहे. डिस्कचे संशयित दोन: लाईट जाणं आणि एसएमपीएस. ताई, बाबा आयटीआयचे म्हणजे मल्टिमीटर असणारच. एसएमपीएसचा चार पिनांचा मोकळा कनेक्टर असतो, त्यात पिवळी ते काळी आणि लाल ते काळी असं मोजायला सांगा, मशीन चालू आणि कामात असताना. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. पिवळी ११.४ च्या खाली नको, लाल ४.७५ च्या खाली नको. दोन टोकं एकमेकांना टेकली तर ठिणगी, तेवढं सांभाळून.

हळदगल्ली
तुम्ही मल्टिमीटर म्हणालात आणि बाबांचं वय दहा वर्षांनी कमी झालं. फोन स्पीकरवर ठेवून "प्रॅक्टिकल" झालं, शेजारच्या मुलाला जवळ उभं करून. लाल: ४.९६. पिवळी: नुसतं चालू असताना ११.६, फोल्डर कॉपीला लावल्यावर ११.२८. बाबांनी तीनदा मोजून वहीत लिहिलंय, तारीख-वेळेसकट.

मग स्वतःहून प्लगमध्ये न्यूट्रल ते अर्थ मोजलं. ३२ व्होल्ट. बराच वेळ काही बोलले नाहीत. या घराचं अर्थिंग १९९४ साली त्यांनीच केलंय.

सोल्डरगन
१२ ची लाइन लोडवर ११.२८. गेला एसएमपीएस, आतले कपॅसिटर फुगले असणार. डिस्कची मोटर याच १२ वर फिरते. साधा पण नावाजलेल्या कंपनीचा नवा एसएमपीएस, नवी साटा केबल (टोकाला पत्र्याची क्लिप असलेली घ्या, ती सैल होत नाही), यूपीएसची बॅटरी. आणि हे सगळं व्हायच्या आत संपूर्ण डिस्कची प्रत.

बाबांना सांगा, तीस वर्षांत अर्थिंगची पट्टी गंजतेच. मीठ-कोळसा आणि पाणी मागतं ते.

लिनक्सवेडा
प्रतीसाठी डीडीरेस्क्यू. ते आधी चांगला भाग पटपट उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन त्यांच्याशी झटापट करतं. मॅप फाइल द्यायला विसरू नका. लाईट गेली तर तिथूनच पुढे सुरू करता येतं.

आणि कुठली डिस्क कुठली हे तीनदा तपासा. मी २०१४ साली एसडीए आणि एसडीबी (लिनक्समधली दोन डिस्कांची नावं) उलट लिहिलं आणि रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर इमानेइतबारे कॉपी केली. शंभर टक्के यशस्वी झाली. एकही एरर नाही.

फुकटचा_सल्लागार
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, एसएसडी टाका.

बोरकूट
@सल्लागार, आणि ११.२८ व्होल्टवर ती किती दिवस टिकली असती? लिहिता लिहिता लाईट जाणं स्वस्त एसएसडीला पण मानवत नाही. ती तर आवाजही न करता जाते.

शब्दवेल्हाळ
धाग्याला फाटा फोडतेय, पण श्रीलिपीवरून. डिस्क वाचली तरी त्या फाइली उद्या कोण वाचणार? मी प्रकाशनात डीटीपी केलंय. आमच्याकडच्या जुन्या पॅकेजला डाँगल (लावल्याशिवाय प्रोग्रॅम न चालणारी किल्ली) होतं. ते हरवलं आणि चांगल्या शाबूत असलेल्या ३० पुस्तकांच्या फाइली दगड झाल्या. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असतात. काना वेगळा, अर्धा श वेगळा. फॉन्ट नसेल तर नुसता इंग्रजी कचरा दिसतो. युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात, मुद्रितशोधन करावंच लागतं. आणि सगळ्यात आधी आजच त्या ८१२ पानांची पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत घालून.

माईसाहेब
+१. आणि एक छापील प्रत. कागदाला चेकडिस्क लागत नाही.

खडूस_काका
वाळवी लागते.

हळदगल्ली
बारा दिवसांनी आलेय, सविस्तर लिहिते.

शेजाऱ्याच्या चांगल्या यूपीएसवर मशीन लावून डीडीरेस्क्यू चालवलं. साधारण साडेतीन तास लागले. न वाचलेला भाग: १२,२८८ बाइट. सोल्डरगन यांचा १२ केबीचा हिशोब तंतोतंत. तीनपैकी दोन तुकडे पेजफाइलमध्ये (विंडोजच्या तात्पुरत्या कामाच्या फाइलीत) निघाले, म्हणजे फुकट गेले तरी चालतील. तिसरा माझ्या भावाच्या मुंजीच्या फोटोत. वरच्या अर्ध्या फोटोत बटू आणि मामा आहेत, खालचा अर्धा भाग करडा. बाबा म्हणाले पंगतीत कोण बसलंय ते त्यांना पाठ आहे.

मग एसएमपीएस, केबल, बॅटरी बदलली. पिवळी आता लोडवर १२.०४. जुना एसएमपीएस बाबांनी दोन दिवस तसाच ठेवून मग उघडला (कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो म्हणून). तीन कपॅसिटरची डोकी फुगलेली आणि आत एक पालीचा सांगाडा, अगदी अखंड.

विंडोज आता २४० जीबीच्या एसएसडीवर नव्यानं टाकलंय. नेट काढून टाकलं, बाबांना ते नकोच होतं. जुनी डिस्क शेजारच्या मुलानं पूर्ण शून्यांनी लिहून काढली. त्यानंतर सी५ शून्य, सी६ शून्य आणि ०५ सुद्धा शून्यच! सी७ मात्र ७५५ वर तसाच आहे. तो अजून का उतरला नाही?

सोल्डरगन
तो उतरत नसतो, मीटरसारखा आहे. वाढला नाही यातच सगळं आलं. ०५ शून्य राहिला म्हणजे त्या तीन जागा लिहिल्यावर डिस्कनं पुन्हा स्वीकारल्या, प्लेटर चांगलं होतं. पालीचं श्रेय मात्र मी घेणार नाही, ती तिथं आधी मेली की नंतर ते देव जाणे.

टेक्सासकर
तरी त्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवू नका. ३९ पट लक्षात आहे ना.

हळदगल्ली
नाही नाही, तिच्यावर आता फक्त आईच्या मालिका आणि कीर्तनं. कुलवृत्तान्त तीन ठिकाणी आहे: एसएसडीवर, बाहेरच्या डिस्कवर आणि माझ्याकडे पुण्यात. बाबा दर रविवारी कॉपी करून मला फोनवर साइज वाचून दाखवतात, पूर्ण आकडा, स्वल्पविरामासकट. अर्थिंगच्या खड्ड्याचं काम कालच झालं, न्यूट्रल ते अर्थ आता दीड व्होल्ट. आई टेबलाखाली झाडू मारते.

एक नवी तक्रार आहे, बाबांची. मशीन अर्ध्या मिनिटात सुरू होतं आणि चहा करायला वेळच मिळत नाही.

खडूस_काका
म्हणून सांगत होतो, /आर लावा.

एच६१_वाला_अजून_एक
धागा पूर्ण वाचला. माझ्याकडे असाच बोर्ड आहे, परवा एसएसडी टाकली. कुणीतरी म्हणालं म्हणून बायोसमध्ये डिस्कशी बोलायची पद्धत आयडीईची एएचसीआय केली तर जुनी विंडोज ७ निळा पडदा दाखवून रीस्टार्ट होत राहते, शेवटी ७बी लिहिलेलं. गेलं का सगळं?

लिनक्सवेडा
काही गेलं नाही. बायोसमध्ये परत आयडीई करा, विंडोज सुरू होईल. मग रजिस्ट्रीत एमएसएएचसीआयची (एएचसीआयच्या ड्रायव्हरची) स्टार्ट व्हॅल्यू शून्य करा, बंद करा, त्यानंतर एएचसीआय करा.

एच६१_वाला_अजून_एक
झालं! धन्यवाद. आणि जुन्या डिस्कच्या सी५ समोर १०० आहे. म्हणजे शंभर ना?

पेठेतला
सोळाच्या पद्धतीत १०० म्हणजे २५६. बॅकअप आहे का?

एच६१_वाला_अजून_एक
आहे, पेनड्राइव्हवर. थांबा, साइज बघून येतो.